पडद्यामागं बसून ऐकलेलं संगीत

हे लिहायला बसताना संकोच वाटतोय, तो आधी सांगून टाकतो. संगीतावर लिहायचं तर संगीत कळायला हवं, आणि मला सा कुठला, रे कुठला हे अजून ओळखता येत नाही. मराठी माझ्या घरची भाषा असली तरी सातवीनंतरचं शिक्षण कन्नडमधून झालं, त्यामुळं एखादा शब्द चुकला तर तो माझाच दोष. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. काही वाचायचं, लिहायचं, भरायचं आलं की ते आपोआप माझ्या हातात येतं. त्या सवयीतूनच माझ्याकडून एक गोष्ट घडली. ती कुठंतरी नीट लिहून ठेवावी म्हणून हे धाडस करतोय. मोठ्यांनी माफ करावं.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, बँडमध्ये क्लारनेट वाजवतात. आमचं गाव बिदर जिल्ह्यात, मुडबीच्या बाजूला. थोडी कोरडवाहू जमीन आहे, ती माय बघते. लग्नसराईत अप्पा लाल कोट घालून हुमनाबादपासून औरादपर्यंत फिरतात. आमच्या घरात वाजवण्यावरून मोठं भांडण होऊन गेलेलं आहे. आजोबांच्या पिढीनं बौद्ध धम्म घेतला तेव्हा गावकीची सगळी कामं सोडली, आणि त्यांत सणावारी गावासाठी वाजवणंही सोडलं. अशा घरात अप्पांनी क्लारनेट आणलं. आजोबा म्हणे तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "कामून आणलास हे? वाजवायचं सोडायसाठी आमी काय काय सोसलं, ठावं हाय का तुला?" अप्पा म्हणाले, "ते हुकमाचं वाजवणं होतं. हे सुपारीचं हाय. मला बोलावत्यात, मी जातो. नको वाटलं तर जात न्हाई." सुपारी म्हणजे आधी बोलून ठरवलेलं काम. आजोबांनी शेवटी वाजवू दिलं, पण काही अटी घातल्या. त्यातल्या दोन पुढं येतील.

आता लग्नात डीजे असतो. बँडला पूर्वीसारखं कुणी विचारत नाही. पण अप्पांना एकट्याला अजून बोलावतात, ते एका धुनेसाठी. नवरी निघाली, गाडीत बसली, की डीजे बंद करतात आणि अप्पा ती धून वाजवतात. आठ-नऊ मिनिटं चालते. तिला नाव नाही. "क्लारनेटवाल्याची धून" एवढंच म्हणतात. आमच्या भागात ज्यांच्या मुली गेल्या दहा-पंधरा वर्षांत सासरी गेल्या, त्यांना ती पाठ आहे. ती कुठल्याच गाण्याची नाही हे सगळ्यांना माहीत, म्हणून ती अप्पांचीच असणार हेही सगळ्यांना माहीत. मलाही तसंच माहीत होतं. मी कधी विचारलं नव्हतं. स्वतःच्या वडलांना असं कोण विचारतं?

मागच्या वर्षी बिदरच्या एका संस्थेनं जाहीर केलं की सीमाभागातल्या वादकांच्या स्वतःच्या धुनी ती रेकॉर्ड करणार आणि त्या वादकांचा सत्कार करणार. फॉर्म कन्नडमध्ये होता. मी तो कलबुर्गीच्या हॉस्टेलवर बसून भरला. एका रकान्यात विचारलं होतं: ही रचना वादकाची स्वतःची आहे काय? मी "होय" लिहिलं. पेन थांबलं नाही की मन थांबलं नाही. सुट्टीत घरी गेलो तेव्हा अप्पा म्हणाले, "कुठं सही करू?" मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली. अप्पा चौथीपर्यंत शिकलेत, तेही मराठी. वर काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही, कारण ते मी लिहिलं होतं.

त्यानंतर महिन्याभरानं आमच्या हिंदीच्या सरांनी शनिवारी दुपारी वर्गात एक जुना सिनेमा दाखवला. सिनेमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यातली पाच गाणी इतकी गाजलेली आहेत की नाव घेतलं की वाचणारा तीच गुणगुणायला लागेल, आणि मला जे सांगायचंय ते पुन्हा एकदा मागं पडेल. सरांनी सांगितलं होतं की सिनेमा बघून गाण्यांवर दोन पानं लिहून आणा. पोरं खूश होती. गाणं लागलं की वर्ग गायचा, बाकं वाजवायचा. गाणं संपलं की मोबाईल बाहेर निघायचे.

दुसऱ्या गाण्यानंतर एक प्रसंग आहे. थोरल्या भावानं धाकट्याला वाढवलेलं असतं. धाकटा शहरात निघतो. थोरला त्याला स्टेशनवर सोडून घरी येतो, चूल पेटवतो, भाकरी करतो, आणि सवयीनं दोन ताटं वाढतो. मग दुसरं ताट बघत बसतो. चार मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. वर्गातले निम्मे जण चहाला उठले होते. मी पाण्याची बाटली उघडत होतो.

आणि अप्पांची धून सुरू झाली.

खोटं सांगत नाही, मी आधी खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं खाली रस्त्यावर अप्पा आलेत. मग कळलं की आवाज समोरच्या स्पीकरमधून येतोय. तेच क्लारनेट, तोच खालचा सूर, तीच चढण. आणि मग त्याच्यामागून आणखी काही आलं. व्हायोलिनं. दोन-चार नाहीत, तीस-चाळीस असतील, सगळी एकदम, पण मोठ्यानं नाही. शेजारच्या खोलीत माणसं हळू बोलावीत तशी. अप्पांची धून मी जन्मभर एकटी ऐकली होती. तिला एवढं घरदार आहे हे मला माहीत नव्हतं.

शेजारचा मित्र माझ्याकडं बघून म्हणाला, "क्या हुआ बे, भूत देख लिया क्या?"

मला दरदरून घाम आला होता. तो संगीताचा नव्हता. मला फॉर्ममधला तो रकाना दिसत होता, आणि त्याच्याखाली अप्पांची सही.

सरांकडून मी तो सिनेमा पेन ड्राइव्हवर घेतला. पुढचे आठ-दहा दिवस जेवणाच्या सुट्टीत हॉस्टेलच्या गच्चीवर कानात हेडफोन घालून मी गाणी सोडून बाकीचा सिनेमा ऐकला. आधी चोरी पकडायची म्हणून ऐकत होतो. मग ते कारण कधी गळून पडलं, मला कळलं नाही.

गाण्यांवर पानं भरून लिहिलेलं मिळतं. ह्या संगीतावर मला कुठं एक ओळ सापडली नाही. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांत गायकांची नावं मोठ्या अक्षरांत आहेत, "पार्श्वसंगीत" हा शब्द मात्र तळाला आहे आणि तो वाचायच्या आत पाटी बदलते. वाजवणाऱ्यांची नावं नाहीतच. पण खरी गोष्ट तेच सांगतात असं मला वाटायला लागलं. सुरुवातीला दोघं भाऊ विहिरीवर असतात तेव्हा बासरी एक साधी तीन सुरांची ओळ वाजवते. आपलं लक्षही जात नाही. तीच ओळ स्टेशनवर मोठी, जाड आवाजाची व्हायोलिनं वाजवतात, सावकाश, इतकी की ओळखू येऊ नये. धाकटा शहरात खोटं बोलतो तिथं पुन्हा तीच ओळ येते, पण तिसरा सूर वाजवतच नाहीत. मी तो सूर यायची वाट बघत राहिलो आणि माझे कान गरम झाले. म्हणजे कुणीतरी बसून हे ठरवलं होतं. कुणीतरी ठरवलं होतं की इथं एक सूर कमी द्यायचा, आणि बघणाऱ्याला का वाईट वाटतंय ते त्याला कळूही द्यायचं नाही. एवढं काम केलं आणि पाटीवर नीट नाव नाही. गाणी सिनेमा थांबवून आपल्याला आनंद देतात. हे संगीत काही थांबवत नाही, म्हणून त्याला कुणी थांबून ऐकत नाही. हे माझं मत चुकीचंही असेल.

दोन ताटांचा प्रसंग मी किती वेळा ऐकला, सांगता येत नाही. आणि तिथं मला दुसरा धक्का बसला. अप्पा ती धून वाजवताना मधेमधे थांबतात. तीन-चार सेकंद काहीच वाजवत नाहीत, मग पुढं जातात. मला लहानपणापासून वाटायचं, वय झालं, दम पुरत नाही. एकदा तर मी मित्रांसमोर त्याची लाज वाटून घेतली होती. आता हेडफोनमध्ये कळलं की अप्पा थांबतात त्या प्रत्येक जागी सिनेमात व्हायोलिनं वाजतात. एकही जागा चुकलेली नाही.

ते संगीत सिनेमात अर्ध्यातच तुटतं. व्हायोलिनं एकदा वर येतात आणि लगेच तिसरं गाणं धाडकन सुरू होतं. अप्पांची धून मात्र त्यापुढं आणखी तेवढीच आहे.

रविवारी मी गावी गेलो. अप्पा ओट्यावर बसून क्लारनेटच्या तोंडाची पत्ती घासत होते. मी दोन ताटांचा प्रसंग लावून मोबाईल पुढं धरला. मला वाटलं होतं, ते खाली बघतील, चिडतील, विषय बदलतील. त्यांनी पत्ती खाली ठेवली आणि त्यांचं तोंड असं उजळलं की मीच दचकलो.

"आरं! हे तेच की! कुठं घावलं तुला?"

"अप्पा, म्हंजे ही धून तुमची न्हाई?"

"माजी कामून आसंल?"

"सगळे म्हणत्यात की."

"म्हणत्यात खरं. मला कुणी इचारलंय का कधी? इचारलं आस्तं तर सांगितलं आस्तं."

माय आतून भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली. "मला वाटलं, नवऱ्याला बाकी काई न्हाई तर डोकं तरी हाय. तेबी दुसऱ्याचंच निघालं का!"

अप्पा हसले. मग त्यांनी सांगितलं. लग्नाआधीची गोष्ट. दुबलगुंडीकडच्या एका जत्रेत तंबूतला सिनेमा लागला होता. संध्याकाळच्या खेळाआधी दारात वाजवायची सुपारी अप्पांच्या बँडला होती. खेळ सुरू झाला की वाजवणारे पडद्याच्या मागच्या बाजूला, भोंग्याजवळ बसायचे. सिनेमा उलटा दिसायचा, आवाज मात्र सगळ्यात चांगला यायचा.

"पब्लिक गाण्याला शिट्ट्या मारायचं. गाणं सरलं की भजे खायला भाईर. ह्या जागंला तर तंबू निम्मा रिकामा. मला बरं वाटायचं, नीट आयकू यायचं. जत्रा हाय तवर रोज आयकलं. मशीन एकच, मग रीळ सरलं की दुसरं लावूस्तवर धा-पंधरा मिंटं सगळं गप. पोरं बिड्या वढाय जायची, मी तिथंच बसून ऱ्हायचो. डोक्यात हेच चालू."

"आन तुमी मधी मधी थांबताव ते?"

"व्हायोलिनं हैत की तिथं," ते म्हणाले, जणू मी फारच सोपं विचारलं. "माज्याकडं काय व्हायोलिनं हैत? त्यांची जागा मी कशी खाऊ? सोडतो."

तेवढ्यात मोबाईलवर ते तुटायची जागा आली आणि गाणं लागलं. अप्पांनी मान वर केली. "थांबलं कामून? पुढलं कुठाय?"

"इथंच संपतंय, अप्पा."

"कुणीतरी कापलंय मग. आजून एवढंच हाय पुढं." त्यांनी पत्ती बसवली आणि उरलेलं वाजवून दाखवलं. मी ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं. ह्या भागात ते एकदाही थांबले नाहीत. एका दमात, दुसऱ्या दमात, सरळ शेवटपर्यंत गेले. त्यावेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

मग मी फॉर्मचं सांगितलं.

अप्पांनी क्लारनेट बाजूला ठेवलं. "माज्या सहीवर लिवलास?"

"व्हय."

"मला न इचारता?"

माय म्हणाली, "पोरानं चांगल्यासाठीच केलंय, ऱ्हाऊ द्या की." त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. मला म्हणाले, "तुज्या आज्यानं मला हे वाजवू दिलं ते बोली करून. कुणाच्या दारात मागत हुबं ऱ्हायचं न्हाई, आन दुसऱ्याचं आपलं म्हणायचं न्हाई. उद्या जा बिदरला. न्हाई म्हणून लिहून दे."

मी बिदरला गेलो. तिथले काम बघणारे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि धाकट्या भावाला हाक मारावी तसं कन्नडमध्ये म्हणाले, "तम्मा, सिनेमाच्या मागचं संगीत कोण ऐकतं? कुणाला कळणार नाही." मी नाही म्हणून मान हलवली. मग ते म्हणाले, "बरं, सगळी धून तिथली आहे का? थोडी तरी वडलांची स्वतःची असेल तर तेवढीच रेकॉर्ड करू, नाव राहू दे. तू एवढं नक्की करून सांग. सत्काराची यादी लागायला वेळ आहे."

मी ते अप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "सगळं तिकडचंच हाय. मी एक सूरबी घातलेला न्हाई."

तरी मला ते कापलेलं संगीत पुरतं ऐकायचं होतं. आणि खरं सांगायचं तर अप्पांची एखादी ओळ त्यात निघेल अशी आशाही होती. हिंदीच्या सरांच्या ओळखीचे हैदराबादला एक वयस्कर गृहस्थ आहेत, ते जुन्या सिनेमांची रिळं जमवतात आणि जुनी मशिनं दुरुस्त करतात. त्यांच्याकडं ह्या सिनेमाची रिळं होती. मी त्यांना सगळं लिहिलं, अप्पांचं रेकॉर्डिंग पाठवलं, आणि विचारलं की मूळ सिनेमात हे संगीत पुढं कसं आहे. ते म्हणाले, रिळं गोदामात आहेत, काढायला वेळ लागेल.

वेळ लागला. यादी लागायची तारीख आली. मी अप्पांच्या सांगण्याप्रमाणं लिहून दिलं की रचना स्वतःची नाही. यादीत त्यांचं नाव आलं नाही. त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

पण त्यानंतर त्यांनी एक सुरू केलं, ते मला बघवत नव्हतं. लग्नात धून वाजवून झाली की ते क्लारनेट खाली घेऊन नवरीच्या माणसांना सांगायचे, "हे सिनेमातलं हाय बरं का. माजं न्हाई." आधी लोकांना वाटलं, म्हातारा विनय करतोय. मग बातमी पसरली. औरादच्या एका लग्नात माझ्यासमोर नवरीचा काका म्हणाला, "सिनेमातलंच हाय तर क्लारनेटवाला कशाला बोलवायचा? डीजेवालाच लावंल की." डीजेवाल्यानं मोबाईलवर बरंच शोधलं. त्याला ती धून कुठं मिळाली नाही, कारण कॅसेटवर, सीडीवर, कुठंच ती कधी निघालेली नाही. मग त्यानं त्याच सिनेमातलं गाजलेलं गाणं लावलं. नवरी त्याच्यावर गाडीत बसली. अप्पा कोपऱ्यात खुर्चीवर क्लारनेट मांडीवर घेऊन बसले होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "चांगलं हाय गाणं."

त्या सराईत त्यांना पूर्वीच्या निम्मीही बोलावणी आली नाहीत. खरं बोलायला लावलं कुणी? मीच. आणि खोटं लिहिलं होतं तेही मीच. रात्री-बेरात्री नाही, भर वर्गात मला हे आठवायचं आणि सर काय शिकवतायत ते ऐकू यायचं नाही.

हैदराबादहून उत्तर आलं ते गेल्या आठवड्यात. मी कलबुर्गीच्या बसस्टँडवर, गावी जायला, बसवकल्याणच्या गाडीची वाट बघत उभा होतो. निरोप दख्खनीत होता, लांब होता, आणि मी तो गाडी निघून गेली तरी वाचत राहिलो. मराठीत सांगायचं तर असा:

"उशिराबद्दल माफ करा. रीळ शेवटपर्यंत चांगलं आहे. दोन ताटांच्या प्रसंगात कुठं कात्री लागलेली नाही, कुठं जोड नाही. तुमच्या कॉपीत संगीत जिथं थांबतं, तिथंच ते मुळातही थांबतं; रीळच तिथं संपतं, आणि तंबूत एकाच मशीनवर दुसरं लावेपर्यंत तिथं सगळं गप्प असणार. पुढचं रीळ सरळ गाण्यानं सुरू होतं. मला खात्री वाटेना म्हणून सगळी रिळं पहिल्यापासून लावून ऐकली. त्या काळी अशा वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे माझे एक शेजारी आहेत, त्यांनाही बसवलं. तुम्ही रेकॉर्ड करून पाठवलेला पुढचा भाग ह्या सिनेमात कुठंच नाही, आणि त्यांनी तो दुसरीकडंही कधी ऐकलेला नाही. तो तुमच्या वडलांनी स्वतः केलेला आहे. त्यांना हे माहीत नाही असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांना सांगा."